खड्डे खणण्याआधी माळ बघा : वृक्षारोपणाला येणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
माळरानावर झाडं लावायला येणाऱ्या सर्व संस्था, कंपन्या, मंडळं, महाविद्यालयं आणि वृक्षप्रेमी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मृग लागला की तुमच्या गाड्या आमच्या भागात यायला लागतात. कुणी सासवड-मोरगाववरून येतं, कुणी सोलापूर रस्त्याने चौफुल्याहून सुप्याकडे वळतं. गाडीत रोपं असतात, टिकाव-फावडी असतात, लहान मुलंही असतात. आठवड्याची एकुलती एक सुट्टी तुम्ही आमच्या माळावर घालवता, हाताला फोड येईपर्यंत खणता. तुमच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचं धाडस करतेय. ज्याला माळाची पर्वाच नाही त्याला पत्र लिहून काय उपयोग?

मी बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातली. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवे आठवतात, पण तालुक्याचा अर्धा भाग असा आहे की जिथं पाऊस वर्षाला जेमतेम 400 ते 600 मिलिमीटर. हातभर माती, खाली मुरूम. माझे आबा मेंढपाळ. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मी शिकले, शिक्षिका झाले, आणि आता इथल्याच एका शाळेत शिकवते.

काही वर्षांपूर्वी राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालली होती. 2016 ला 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. त्याच काळात एक कंपनी आमच्या गावालगतच्या माळावर झाडं लावायला आली. शाळेला निमंत्रण होतं. मी चाळीस पोरं घेऊन गेले. खड्डे आधीच यंत्राने काढून ठेवले होते, ओळीने, दोरी लावून. प्रत्येक खड्ड्याशेजारी मुरमाचा ढीग. पोरांनी रोपं लावली, फोटो काढले, लाडू खाल्ले. मीही खूष होते. घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "झाडाला माझी ना न्हाय पोरी. पर तुमी समद्यांनी तो माळ मोकळा हाय असं कसं काय ठरवलं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला माळावर घेऊन गेले. एका ढिगाऱ्यापाशी थांबले आणि काठीच्या टोकाने दाखवलं. आधी मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं : दगडगोट्यांत दोन अंडी, गोट्यांच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. एक मुरमाखाली अर्धं दबलेलं. ती धाविकेची होती. धाविक म्हणजे लांब पांढुरक्या पायांचा, टिटवीपेक्षा लहान पक्षी. तुरुतुरु पळतो, एकदम थबकतो, पुन्हा पळतो. हा पक्षी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि त्यांच्या रंगावर भिस्त ठेवतो. माळटिटवीचंही तेच, चंडोलांचंही बरंचसं तेच. आणि त्यांचा अंडी घालायचा हंगाम उन्हाळा ते पावसाची सुरुवात, म्हणजे नेमका तुमचा-आमचा खड्डे खणायचा हंगाम.

त्या दिवसापासून मी माळ नव्याने शिकायला लागले. जे कळलं त्यातलं थोडं तुम्हाला सांगायचं आहे.

आधी गवताबद्दल. तुम्ही जूनमध्ये येता तेव्हा माळ करपलेला असतो, त्यामुळे तो मेलाय असंच कुणालाही वाटेल. पण मारवेल, पवन्या, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं आहेत. वरचं पान वाळतं, ठोंब जिवंत राहतो आणि मुळांचं जाळं जमिनीत पसरलेलं असतं. वळवाच्या एका सरीनंतर चार दिवसांनी जाऊन बघा, त्याच वाळक्या ठोंबातून हिरवी टोकं आलेली असतात. ही मुळंच मुरमावरची हातभर माती धरून ठेवतात, आणि गवताळ प्रदेशात कार्बन साठतो तोही मुख्यतः जमिनीखाली. खड्डा खणताना तुम्ही पहिल्यांदा हे जाळं तोडता. सलग चर खणले की ते लांबच लांब फाटतं. उघड्या पडलेल्या मातीत पुढच्या पावसात काय उगवतं हे मी स्वतः पाहिलंय. गाजर गवत.

कुसळीचं एक बी मी दरवर्षी वर्गात नेते. सुईसारखं टोकदार बी आणि त्याला पीळ पडलेली लांब शेपटी. पोराच्या तळहातावर ठेवायचं आणि वर पाण्याचा एक थेंब सोडायचा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि बी गरागरा फिरतं. पोरं ओरडतात. पाऊस पडला की हे बी असंच फिरत फिरत स्वतःला जमिनीत रोवून घेतं, आणि तोवर मेंढरांच्या लोकरीत, माणसांच्या धोतरात अडकून रानोमाळ हिंडून आलेलं असतं. माळावर पेरणी करणारी अशी जिवंत यंत्रणा आधीपासून आहे. तिला टिकाव लागत नाही.

माळावर झाडं नाहीत असंही नाही. हिवर आहे, बोर आहे, खैर, बाभूळ, पळस आहे, ओढ्याच्या काठाला अजून दाटी आहे. पण ती लांब लांब आहेत, मधे मोकळं गवत आहे. हा मोकळेपणा म्हणजे उणीव नव्हे. चिंकाऱ्याला लांडगा दुरून दिसायला तो लागतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना तो लागतो, कारण जवळ उंच झाड आलं की त्यावर कावळा येऊन बसतो आणि त्याला वरून सगळं दिसतं. दर पाच-दहा फुटांवर एक झाड लावलं की आपण कावळ्यासाठी टेहळणीचे बुरूज बांधतो.

मग थंडीत येणारे भोवत्ये. ऑक्टोबरच्या सुमारास मध्य आशियातून हे शिकारी पक्षी आमच्याकडे उतरतात. दिवसभर शेतांवरून, माळावरून जमिनीलगत उडत नाकतोडे टिपतात. संध्याकाळी सूर्य टेकला की चारी दिशांनी एकेक करून येतात आणि उंच गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी झोपायला झाड शोधत नाही, गवत शोधतो! हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि माळढोक. सोलापूरच्या नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. एका विणीला बहुधा एकच अंडं घालणारा, माणसाच्या कमरेपर्यंत उंचीचा हा पक्षी एकेकाळी आपल्या माळांची शान होता. आज देशभरात तो दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडचा जवळजवळ संपला. तो संपायला शिकार, शेती, विजेच्या तारा, सगळंच कारणीभूत आहे. पण मुळात माळ हा काहीतरी मोलाचा अधिवास आहे हेच आपण वेळेवर मानलं नाही.

का मानलं नाही याचा विचार करताना मी सातबारा घेऊन बसते. त्यावर "पोटखराब" असा शब्द असतो. ज्या जमिनीतून पीक निघत नाही, ती खराब. इंग्रजांच्या महसूल खात्याने जमिनीकडे बघितलं ते साऱ्यासाठी. जिथून सारा येत नाही ती त्यांच्या लेखी वाया गेलेली जमीन. इंग्रज गेले, शब्द राहिले. 1985 मध्ये देशात पडीक जमिनीच्या विकासासाठी खास मंडळ स्थापन झालं, आणि माळ "पडीक" या सदरात गेला तो गेलाच. आजही कुठे धरणासाठी, खाणीसाठी, रस्त्यासाठी जंगल तुटलं की त्याची भरपाई म्हणून वनीकरण कुठे करायचं, तर अशाच "मोकळ्या" जमिनीवर. एक परिसंस्था तुटली म्हणून दुसरी खणायची, आणि कागदावर हिशेब जुळलेला.

एक समज असा आहे की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, ते माणसाने तोडलं, म्हणून माळ झाला. तेव्हा झाडं लावणं म्हणजे जुनं परत आणणं. काही डोंगरउतारांबाबत हे खरं असेलही. पण पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्याबाबत नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य आणि लोककथा चाळून त्यांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. त्यांत बहुतेक करून भेटतात ती हिवरासारखी मोकळ्या, काटेरी, गवताळ रानातली झाडं. म्हणजे आपल्या संतमहंतांच्या, धनगरांच्या, खंडोबा-म्हसकोबाच्या गोष्टी घडल्या त्या रानाचं रूप थोडंफार आजच्यासारखंच होतं. माझ्या दृष्टीने हा फार मोठा पुरावा आहे. आपल्याच भाषेत सात-आठशे वर्षं हा माळ लिहून ठेवलेला आहे.

आता गिरिपुष्पाबद्दल स्पष्ट बोलते. तुमच्यापैकी बरेच जण वड-पिंपळ-कडुनिंब घेऊन येतात, पण आधीच्या लागवडींमध्ये हजारोंनी लागलं ते गिरिपुष्प, ज्याला आमच्याकडे उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, पाणी कमी लागतं, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लागवड यशस्वी दिसते. टेकड्यांवर फेब्रुवारीत त्याला गुलाबी फुलं येतात आणि लोक फोटो काढतात. पण त्याच्या दाट सावलीत गवत मरतं, आणि गवत गेलं की ससा नाही, नाकतोडा नाही, लाव्हा पक्षी नाही, खोकड नाही. आमच्या त्या माळावर कंपनीने लावलेल्या देशी रोपांतली बहुतेक दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. कडेला लावलेली उंदीरमारी मात्र जगली आणि आता आपली आपण पसरतेय.

गुजरातच्या बन्नीचं उदाहरण सगळ्यांनी डोळ्यासमोर ठेवायला हवं. कच्छमधलं सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचं हे कुरण, म्हशींसाठी प्रसिद्ध. रणाचं खारट वाळवंट पुढे सरकू नये म्हणून 1960 च्या दशकात तिथं वेडी बाभूळ लावली. हेतू चांगलाच होता. आज त्या बाभळीने कुरणाचा मोठा भाग गिळलाय. तिथले मालधारी, म्हणजे पशुपालक, तिला "गांडो बावळ" म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच, वेडी. दोन भाषांतल्या गुराख्यांनी एकमेकांना न विचारता त्या झाडाला एकच विशेषण दिलं.

माणसांचंही सांगायला हवं. मेंढपाळ पावसाळ्यात गावाकडे परततात, कारण तेव्हा माळावर चारा असतो. तेच चार महिने त्यांचे हक्काचे. आणि रोपं जगवायची म्हणून कुंपण पडतं तेही त्याच चार महिन्यांत. त्या वर्षी आमच्या भावकीतले तीन वाडे कुंपणापाशी येऊन परत फिरले. एका चुलत्याने त्या हंगामात निम्मी मेंढरं विकली. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त पाटी होती : "वृक्षारोपण क्षेत्र, चराईस मनाई". माळावर मेंढरू आहे म्हणून लांडगाही आहे. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि आपल्या भागातले बरेचसे अभयारण्यांच्या बाहेर, गायरानांवर, पडीक रानांत राहतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटर, कर्जतचं रेहेकुरी 2.17. लांडग्याच्या एका रात्रीच्या फिरस्तीलाही ते पुरत नाही. तो जगतो तो याच "मोकळ्या" जमिनीवर, मेंढपाळांच्या सोबतीने, कधी त्यांचं कोकरू उचलून.

मग बिघडलेला माळ सुधारायचाच नाही का? सुधारायचा. माळ बिघडलेले आहेत हे मी नाकारत नाही. अति चराई झाली की आधी मारवेल-पवन्या संपतात, मग कुसळी वाढते, मग तीही जाऊन नुसता तरवड आणि उघडा मुरूम उरतो. मुरूम उपसून नेलेले खड्डे आहेत. वणवे लागतात. कचरा येतो. हे सगळं दुरुस्त करण्याजोगं आहे, फक्त त्याची रीत वेगळी आहे.

पहिलं काम उपटायचं आहे. गिरिपुष्प, वेडी बाभूळ, टणटणी, गाजर गवत. यात घाम भरपूर लागतो, त्यामुळे तुमच्यासारखी तरणी माणसं हवीतच. एकदा तोडून भागत नाही, फुटवे येतात, दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा यावं लागतं. दुसरं काम बियाण्याचं. दिवाळीच्या आगेमागे मारवेल, पवन्या, डोंगरीचं बी पिकतं. शेजारच्या चांगल्या कुरणातून ते गोळा करायचं, सुकवून पोत्यात ठेवायचं आणि जिथं माती खरोखर उघडी पडलीय तिथंच पावसाच्या तोंडावर फेकायचं. तिसरं काम सगळ्यांत अवघड, आणि ते तुम्ही एकट्याने करूच शकत नाही : चराईचं वेळापत्रक. माळाचे भाग पाडायचे, एक भाग बी पडेपर्यंत बंद, बाकीचे उघडे, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कोणता भाग कधी बंद, हे मेंढपाळांनी ठरवायचं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना विचारल्याशिवाय बांधलेलं कुंपण टिकत नाही, आणि टिकूही नये असं मी म्हणेन.

हे जमतं. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर वन विभागाने गवताची कुरणं उभी केली आहेत आणि तिथं तृणभक्षी प्राणी परतले आहेत. वाघाच्या जंगलात गवताचं मोल कळतं, तर माळावर का कळू नये? इंदापूरच्या कडबनवाडीत आणि आमच्या शिर्सुफळला वन विभागाने गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली आहे. लोक पैसे देऊन चिंकारा आणि लांडगा बघायला येतात. मला याचा आनंद आहे, गर्दीची थोडी भीतीही आहे.

तर माझी विनंती अशी. पुढच्या वेळी माळावर यायचं ठरवलंत की आधी ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंदवही मागा. 2002 च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत ही समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही असायला हवी. नसेल, तर ती करायला मदत करा; ते एक काम शंभर रोपांपेक्षा मोठं आहे. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठी लावा, रस्त्याकडेला लावा, शेताच्या बांधावर शेतकऱ्याला विचारून लावा, शाळेच्या आवारात लावा. आमच्या शाळेत जागा आहे, मुलं पाणी घालतील. शहरातल्या तुमच्या स्वतःच्या गल्लीत लावा, तिथं सावलीची आमच्यापेक्षा जास्त गरज आहे. कंपन्यांना सांगणं एवढंच की अहवालात "लावलेली रोपे" या रकान्याच्या शेजारी "वाचवलेले गवत, एकर" असा एक रकाना काढा. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलेलं आहे, तेव्हा वरिष्ठांना पटवायला कारणही आयतं आहे. आणि लांडग्याने मेंढरू नेलं तर पंचनाम्याचे कागद करायला, अर्ज भरायला मेंढपाळाला एखादा लिहिता-वाचता माणूस सोबत लागतो. ते काम तुमच्यातला कुणीही करू शकतो.

आबा आता थकलेत. माळावर जात नाहीत, पण कुणी पाहुणा आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात : "वरल्या अंगाला मारवेल हाय का अजून?" आहे. कुंपण मोडल्यावर दोन पावसाळे तो भाग मेंढपाळांनीच ठरवून बंद ठेवला आणि उंदीरमारीची पहिली रांग माझ्या पोरांनी कापली. आमच्या पोरांनीच खणलेल्या खड्ड्यांच्या कडेला आता ठोंब धरलेत.

या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या रविवारी सकाळी सातला आम्ही तिथं बी गोळा करणार आहोत. तुम्हीही यावं. खुरपं किंवा लहान विळा, सुती पोतं, डोक्याला टोपी आणि पायात जाड बूट आणा, कुसळं टोचतात. भाकरी-पिठलं आमच्याकडे. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर भोवत्ये गवतात उतरताना दाखवीन, मात्र लांबूनच, आणि तेव्हा कुणी बोलायचं नाही.

आपली,
जिरायती पट्ट्यातली एक शिक्षिका